ट्रेकचा हिशोब गाडीत नाही, बुधवारी करा

तुझा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना मला आमचाच जुना ग्रुप आठवला. तू लिहिलंयस की पाच मित्र आहात, महिन्याला एक किल्ला करता, गाडी कायम एकाचीच असते, कधी पाच येतात कधी तीनच, एकजण शेवटच्या क्षणी कॅन्सल करतो, आणि एकजण अजून शिकतोय. मागच्या वेळी हरिश्चंद्रगडावरून परत येताना गाडीतच हिशोबावरून वाजलं आणि तेव्हापासून तो शिकणारा मित्र काहीतरी कारण सांगून येत नाही. तर पैसे नक्की कसे वाटायचे म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही, आणि त्यासाठी एखादं अॅप वापरावं का, असं तू विचारलंयस.

मी २००३ पासून सह्याद्रीत फिरतेय आणि त्यातली बरीच वर्षं आमच्या ग्रुपची हिशोबाची वही माझ्याकडेच आहे. आधी खरोखरची वही होती, आता फोनमध्ये आहे. एक गोष्ट मला अनुभवाने पक्की कळलीय की भांडण रकमेवरून होत नाही, आधी न बोलल्यावरून होतं. रविवारी रात्री नऊ वाजता सगळे थकलेले, पाय सुजलेले, भुकेलेले, आणि अशा वेळी कोणी म्हणालं की पर हेड अकराशे झाले, तर ते अकराशे कोणालाही जास्तच वाटणार. तेच अकराशे ट्रेकच्या आधीच्या बुधवारी ग्रुपवर लिहिले असते तर ज्याला जमत नव्हतं तो तेव्हाच बोलला असता किंवा गुपचूप नाही म्हणाला असता. म्हणून आमच्याकडे आकडा बुधवारी जातो, अंदाजे का होईना. त्यात गाडी किती, खाणं किती, वाटाड्या असेल तर किती, सगळं वेगळं वेगळं लिहिलेलं असतं आणि खाली हेही लिहिलेलं असतं की कोण आलं नाही तर काय.

आता गाडीचं बोलू, कारण तुमच्यात खरी गडबड तिथेच आहे असं मला वाटतं. बहुतेक ग्रुपमध्ये दोनपैकी एक पद्धत असते. एक, पेट्रोल आणि टोल भागिले सगळे, गाडीवाल्यासकट. दुसरी, गाडीवाल्याला वगळायचं आणि बाकीच्यांनी पेट्रोल टोल वाटून घ्यायचा, कारण गाडी त्याची झिजते. तू विचारलंस यातली बरोबर कुठली, तर ते किती माणसं आहेत त्यावर ठरतं आणि हे मला आकडे मांडल्याशिवाय कळलं नव्हतं, म्हणून इथे मांडतेच.

पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई धरू, जाऊन येऊन साधारण साडेतीनशे किमी. घाट आणि पाच माणसं पाच सॅक, म्हणजे गाडी कंपनीने सांगितलेलं मायलेज विसरायचं, १५ धर. पेट्रोल १०५ धर. २४५० रुपयांचं पेट्रोल. टोल १५० धरले तर २६०० झाले. आता गाडीची झीज. चार टायर २० हजाराचे आणि ४० हजार किमी चालले तर किमीला ५० पैसे. सर्व्हिसिंग दर १० हजार किमीला ६ हजार, म्हणजे ६० पैसे. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन याचे मी ४० पैसे धरते, पायथ्याच्या गावांचे रस्ते बघता ते जास्त नाहीत. म्हणजे किमीला दीड रुपया, साडेतीनशे किमीला ५२५. एकूण खरा खर्च झाला ३१२५.

पाच जण असाल तर खरा वाटा ६२५ प्रत्येकी. आणि गाडीवाल्याला वगळून २६०० भागिले चार केलंत तर ६५०. बघ, फरक २५ रुपयांचा. म्हणजे पाच जणांत "गाडीवाला पेट्रोल देणार नाही" ही सरळ पद्धत जवळजवळ तंतोतंत बरोबर बसते आणि कोणाला टायरचा हिशोब समजावत बसायची गरज नाही. पण तीनच जण गेलात तर? खरा वाटा १०४२ होतो आणि वगळायच्या पद्धतीने बाकीच्या दोघांना १३०० प्रत्येकी पडतात, गाडीवाल्याची झीज सोडली तर त्याची ट्रिप फुकट. दोघंच गेलात तर एकट्या मित्रावर २६०० आणि खरा वाटा १५६३ च्या आसपास. तुमच्यात कधी पाच कधी तीन येतात म्हणालास ना, तुझा शिकणारा मित्र तीन जणांच्या ट्रेकला दोन-तीनदा आला असेल आणि तुम्ही पाच जणांचाच नियम लावला असेल तर त्याला टोचलं असणार, आणि त्याला नेमकं का टोचतंय हे कदाचित त्यालाही सांगता आलं नसेल.

उलट बाजूही सांगते. नुसतं पेट्रोल भागिले सगळे करत राहिलात तर गाडीवाला दर महिन्याला झिजेचे पाचशे रुपये एकटाच सोसतोय, वर्षाचे सहा हजार, आणि तो बोलत नाही कारण मित्रांना टायरचे पैसे मागायचे कसे. तो एक दिवस गाडी काढायचंच बंद करतो आणि कारण भलतंच सांगतो. आमच्यात हे झालंय. त्याने नंतर दोन वर्षांनी सांगितलं की घरी त्याला दर महिन्याला ऐकून घ्यावं लागायचं.

म्हणून माझं मत, किमीचा एक दर ठरवा. वरच्या हिशोबात ३१२५ भागिले ३५० म्हणजे किमीला नऊ रुपयांच्या जरा खाली येतो. तुमच्या गाडीचं मायलेज बघून तो आठ येईल नाहीतर साडेनऊ, पण वर्षातून एकदा सगळ्यांनी बसून ठरवा आणि मग निघताना आणि घरी पोचल्यावर मीटरचा फोटो काढायचा, किमी गुणिले दर भागिले माणसं, संपलं. गाडीवालाही त्यात एक माणूस. पेट्रोलची बिलं जपायला नकोत, आधीपासून टाकीत किती होतं हा वाद नको. फक्त टोल आणि पार्किंग दरात धरलंय की वेगळं ते आधीच सांगायचं. फास्टॅग आल्यापासून टोल गाडीवाल्याच्या खात्यातून गुपचूप कापला जातो आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही, पूर्वी निदान खिडकीतून नोटा दिल्या जायच्या तेव्हा सगळ्यांना दिसायचं.

गाडीवाल्याने मात्र यातून नफा काढायचा नाही, आणि हे मी फक्त मैत्रीसाठी म्हणत नाहीये. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायला परमिट नसतं, आणि खाजगी गाडीच्या विम्यातही भाडं घेऊन प्रवासी नेणं बसत नाही. मित्रांनी मिळून खर्च वाटणं वेगळं आणि सीटला अमुक रुपये लावून अनोळखी लोक भरणं वेगळं. तसंच एखाद्याला वाटलं की चला आता दर रविवारी पंधरा लोक जमवू आणि हजार रुपये घेऊ, तर तो मित्रांचा ट्रेक राहिला नाही, राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, पैसे घेऊन उपक्रम करणाऱ्यांना त्यात नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. तुमचा प्रश्न तो नाहीच, पण पाचाचे पंधरा व्हायला वेळ लागत नाही म्हणून सांगितलं.

वाटेत काही झालं तर. पंक्चर सगळ्यांचं. कच्च्या रस्त्यावर खाली दगड लागून काही फुटलं तर तेही सगळ्यांचं, कारण त्या रस्त्याने जायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. स्पीडचं चलान गाडी चालवणाऱ्याचं. मागून कोणाला ठोकलं आणि चूक आपलीच, तर तो खर्च चालवणाऱ्याचा, पण गाडी एकाची आणि चालवत दुसरा होता तर? यावर आमच्यात एकदा फार वाईट प्रसंग आला, म्हणून आता नियम असा की मालकाशिवाय दुसऱ्याने स्टिअरिंग धरायचं तर आधी विचारून, आणि तेव्हाच ठरवायचं की काही झालं तर विम्यातून जे मिळणार नाही ते सगळ्यांत वाटायचं. कारण पहाटे तीनला मालकाच्या डोळ्यावर झोप असताना दुसऱ्याने चालवणं हे सगळ्यांच्या जिवासाठीच असतं, त्याची शिक्षा त्या एकट्याला नको.

कॅन्सल करणाऱ्याबद्दल माझं मन अगदी स्पष्ट आहे. खर्चाचे दोन भाग असतात, एक माणूस आला काय न आला काय तेवढाच राहतो, गाडी, आणि दुसरा माणसामागे वाढतो, खाणं, प्रवेश फी. बुधवारी हो म्हणून शुक्रवारी रात्री नाही म्हणणाऱ्याने गाडीचा वाटा द्यायचाच. खाण्याचा नाही, सामान आणून झालं नसेल तर. बदली माणूस दिला तर काहीच नाही. घरात आजारपण, अपघात, असं काही असेल तर प्रश्नच येत नाही, तेव्हा उलट आपण विचारपूस करायची. भाड्याची गाडी असेल तर हे जास्त कडक पाळावं लागतं, कारण टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर क्रूझर घेतली की बहुतेक जण दिवसाला किमान ३०० किमीचं भाडं लावतात, तुम्ही दोनशेच फिरलात तरी, वर ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याचं जेवण, आणि सतरा जणांच्या गाडीत बारा निघाले तर त्या बाराजणांनी का भोगायचं. तुमच्या त्या मित्राला कोणी रागाने बोलू नका, फक्त पुढच्या बुधवारी हा नियम सगळ्यांसाठी म्हणून लिहा आणि पहिल्यांदा लागू होईल तेव्हा न लाजता मागा. दोनदा पैसे गेले की माणूस विचार करून हो म्हणतो, हे मी पाहिलंय.

खाण्यात मी फार खोलात जात नाही. शिधा सगळ्यांचा एकत्र, चहा पोहे खिचडीचं सामान भागिले माणसं, कोणी एक भाकरी जास्त खाल्ली हे मोजायचं नसतं. पण पायथ्याच्या गावात कोंबडी सांगितली तर ती खाणाऱ्यांची, शाकाहारी माणसाने पिठलं-भाकरीचे पैसे द्यायचे. उपास असेल त्याने आधी सांगावं. सिगारेट ज्याची त्याची. वाटेत टपरीवरचा चहा एकाने एकदा द्यावा, दुसऱ्याने पुढच्या वेळी, तो वहीत लिहू नका, सगळंच वहीत आलं की त्याचाही वीट येतो.

पण गावातल्या पैशाबद्दल मला मनापासून सांगायचंय. ज्या मावशी पहाटे चारला उठून आपल्यासाठी चुलीवर भाकऱ्या थापतात, जे मामा सांधण दरीत नाहीतर एखाद्या अवघड वाटेवर आपल्या पुढे चालतात, त्यांच्याशी घासाघीस करून पर हेड वीस रुपये वाचवणं हा हिशोबच नाही. मी असे ग्रुप पाहिलेत जे येताना हायवेवर हॉटेलात तीनशेची थाळी निमूट खातात आणि गावात दीडशेच्या जेवणाला शंभर करा म्हणतात. दर आधी फोनवर विचारून घ्या, तो बुधवारच्या आकड्यात धरा, आणि पटत नसेल तर शिदोरी न्या, पण जेवून झाल्यावर कमी करायला सांगू नका. आणि रोख न्या. फोनवरून पैसे देण्याची सवय झाल्यामुळे सगळे रिकाम्या खिशाने येतात, गावात नेटवर्क असेलच असं नाही, मग ज्याच्याकडे रोख आहे तो एकटा भरतो आणि ती रक्कम वहीत यायची राहते. निघतानाच प्रत्येकाकडून पाचशे रोख एका माणसाकडे, शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटांत. खजिनदार एकच. बाकी कोणी खिशात हात घालायचा नाही.

एसटीने जाणार असाल तर एक बारीक गोष्ट. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आमच्यात एका उत्साही मुलाने सगळी तिकिटं काढली आणि एकूण रक्कम भागिले माणसं केली, म्हणजे आम्हा मुलींनी आमच्या तिकिटापेक्षा जास्त दिलं आणि मुलांनी कमी. कोणाचा वाईट हेतू नव्हता, पण ती सवलत ज्या माणसाला आहे त्याचीच आहे, ७५ च्या पुढच्या काकांचं तिकीट फुकट असेल तर तेही त्यांचंच. एसटीचं तिकीट ज्याचं त्याचं. हा नियम मी इतर ठिकाणीही लावते, सारखं वाटणं म्हणजे बरोबर वाटणं असं दर वेळी नसतं.

बाईकवर जाणार असाल तर मागे बसणाऱ्याने अर्धं पेट्रोल, आणि चालवणाऱ्याचं जेवण त्याने द्यायला हरकत नाही, तेवढं पुरे.

सामानाचं पण असतं, तुम्ही अजून त्या टप्प्याला नसाल, पण अलंग-मदनसारखे दोर लावून चढायचे किल्ले करायचं मनात असेल तर येईलच. दोर, हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची कडी, हे एकाचेच असतात आणि वापरतात सगळे. टेंट फाटला तर शिवता येतो, दोराचं तसं नाही, दोर वापराने म्हातारा होतो आणि जुना झाला की जिवाचा धोका, वरून चांगला दिसला तरी. दोर बारा हजाराचा धरला आणि चाळीस चढायांनंतर तो बाद करायचा असं ठरवलं, तर प्रत्येक चढाईला तीनशे रुपये झाले. ते तीनशे दर वेळी ग्रुपच्या फंडात टाकायचे. आमच्यात हे नव्हतं तेव्हा दोराचा मालक दोर बदलायला कां कूं करायचा, त्याचाही दोष नव्हता, बारा हजार एकट्याने कोण घालणार, पण आम्ही सगळे त्याच दोरावर लटकत होतो. म्हणून या तीनशे रुपयांवर मी कधीच तडजोड करत नाही. आणि मोठा झटका बसला, कोणी पडलं, की चाळीस झाले असोत नसोत, दोर बाद.

त्याच फंडात आम्ही दर ट्रेकला माणशी पन्नास रुपये जास्तीचे टाकतो. कोणाचा पाय मुरगळला आणि गावातल्या चौघांनी उचलून खाली आणलं तर त्यांच्या हातावर पैसे त्यातून ठेवायचे, लगेच, तिथेच. पुढे हॉस्पिटलचं बिल ज्याचं त्याचं, पण खाली आणण्याचा खर्च जखमी माणसाकडून घ्यायचा नाही. उद्या आपणही असू शकतो.

अॅपबद्दल विचारलंस. स्प्लिटवाइज किंवा तसं कुठलंही चालेल, आम्हीही वापरतो, पण अॅप फक्त भागाकार करतं, काय भागायचं आणि कितीने ते तुम्हालाच ठरवावं लागतं. सोमवारी रात्रीपर्यंत हिशोब टाकायचा, बुधवारपर्यंत पैसे द्यायचे. उशीर झाला तर मी ग्रुपवर नाव घेत नाही, एकट्याला मेसेज करते. आणि दहा-वीस रुपयांचा फरक असेल तर तो फंडात.

आता त्या शिकणाऱ्या मित्राबद्दल, कारण मला वाटतं तू प्रश्न त्याच्यासाठीच विचारलायस. मी पहिल्यांदा ट्रेकला जायला लागले तेव्हा कॉलेजात होते, महिन्याचे मोजके पैसे. एकदा मला जमत नव्हतं तर ग्रुपमधल्या एका कमावत्या मित्राने माझे पैसे भरले आणि परत येताना चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला की हिचे मी दिलेत, हिच्याकडून घेऊ नका. त्याने चांगल्या मनानेच केलं होतं. मी त्यानंतर तीन महिने गेले नाही. घरी सांगायचे अभ्यास आहे. मग आमच्या तेव्हाच्या हिशोबवाल्या ताईने मला एकटीला फोन केला आणि एवढंच विचारलं की महिन्याला तुला किती जमतं, आकडा सांग. मी अडीचशे म्हणाले. पुढचे चार ट्रेक अडीचशेत बसतील असेच ठरले आणि का तसे ठरले हे तिने कोणालाच सांगितलं नाही. मला स्वतःला ते खूप नंतर कळलं.

आम्ही आता तसंच करतो. हिशोब ठेवणारा सगळ्यांना वेगवेगळं विचारतो, फक्त त्यालाच आकडे माहीत असतात, आणि सगळ्यात कमी आकड्यात बसेल असा किल्ला निवडायचा. दर वेळी नाही जमणार, भंडारदऱ्याच्या बाजूला जायचं म्हणजे पैसे लागतातच, पण दोन महिन्यांतून एक ट्रेक तरी असा हवा ज्यात कोणालाच खिसा चाचपावा लागणार नाही. कमावत्यांना चैन करायची असेल तर ती वेगळी करावी, तिसऱ्या एखाद्या रविवारी.

तर तू त्याला फोन कर, मेसेज नको. मागच्या भांडणाचं काढू नकोस. तीन जणांच्या ट्रेकचे पैसे त्याच्याकडून जास्त घेतले गेले असतील तर वरचा हिशोब करून बघ आणि निघत असतील तेवढे परत दे, हिशोब चुकला होता म्हणून दे, मदत म्हणून नको. मग राजगड सुचव. स्वारगेटहून वेल्ह्याच्या एसटीने मार्गासनीला उतरायचं, तिथून गुंजवण्यापर्यंत जीप मिळते, डबा घरून, एका दिवसात चोरदरवाज्याने वर जाऊन संध्याकाळी परत. गाडी काढायचीच नाही. गाडीवाल्या मित्रालाही सांग की या वेळी तू मागच्या सीटवर झोपून ये.